डिस्को दर्याची दुसरी कॅसेट

डिस्को दर्या पार्टीचं जन्मात एकच गाणं गाजलं, आणि ते गुणाच्या नावाचं होतं. दुसरं का गाजलं नाही, हे पनवेलात जो तो आपापल्या परीनं सांगे. कुणी म्हणे कॅसेट कंपनीनं फसवलं, कुणी म्हणे गायक काशिरामचा गळा बसला, कुणी दारूवर ढकलून मोकळं होई. खरं काय झालं ते तिघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातली एक गुणा.

गुणा निवटेपाड्याची. खाडीच्या तोंडाशी चाळीसेक घरांचा पाडा. पुरुष होड्यांवर, बाया बाजारात. गुणाची आई सोनाबाई पनवेलच्या उरण नाक्याजवळच्या मासळी बाजारात बसायची, आणि गुडघे गेल्यावर तिच्या जागी गुणा बसू लागली. बावीस वर्षांची, काळीसावळी, आवाज खणखणीत. गिऱ्हाइकाशी गोड बोलणं तिला जमत नसे, पण शिळा मासा ताजा म्हणून तिनं कधी कुणाच्या पिशवीत घातला नाही. म्हणून लोक शिव्या खाऊन तिच्याकडेच येत.

काशिराम त्याच पाड्यातल्या ठमाबाईच्या बहिणीचा मुलगा. तो दोन वर्षांचा असताना आई वारली आणि बापानं त्याला पनवेलात नेलं. बाप लाकडाच्या वखारीत कामाला. त्यामुळे पोरगा जातीनं कोळी, पण पायाला खाडीचा चिखल म्हणून लागला नाही. गळा मात्र देवानं हात सैल सोडून दिलेला. ऑर्केस्ट्रात गाता गाता त्यानं स्वतःची पार्टी काढली. ऑक्टोपॅड वाजवायला एक, कोरसला दोन पोरी, आणि कीबोर्डवर कमलाकर. हा कमलाकर पनवेलातच राहणारा, मुंबईला एका ऑफिसात कारकून, शांत डोक्याचा माणूस. पार्टीत वाद्यांचं ज्ञान काय ते त्याला एकट्याला.

तर अठ्ठ्याऐंशी सालच्या होळीच्या सुमारास काशिराम बाजारात आला. मासे बघायच्या निमित्तानं त्यानं गुणाचा हात धरला आणि सोडला नाही. लग्नाचं विचारतोय, असं चारचौघांत हसत हसत म्हणाला. गुणानं एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा पाटीतला हातभर लांबीचा जिताडा शेपटीला धरून उचलला आणि त्याच्या थोबाडात हाणला. सगळा बाजार पोट धरून हसला. काशिरामच्या पांढऱ्या शर्टावर खवले चिकटले होते, ते झटकत तो निघून गेला. गुणाच्या दृष्टीनं विषय तिथं संपला.

त्या वर्षी गणपतीच्या आधी डिस्को दर्याची कॅसेट बाजारात आली. पहिलंच गाणं होतं:

गुना गो गुना, तुझी पाटी उघडी,
हात लावून बघती गिऱ्हाइकं गडी...

चाल ठमाबाईची होती. ठमाबाई म्हणजे आसपासच्या पंधरा गावांत हळदीला गाणारी बाई. तिच्या दारात बसून भाच्यानं टेपरेकॉर्डरवर तिची एक हळद, म्हणजे हळदीचं गाणं, भरून घेतली होती. कमलाकरनं त्या चालीखाली डिस्कोचा ठेका घातला, आणि गाणं वणव्यासारखं पसरलं. गणपतीच्या मिरवणुकीत तेच, हळदीत तेच, बारशाला तेच. एस.टी. स्टँडवरच्या रसवंतीपासून नेऱ्याच्या आठवडी बाजारापर्यंत जिथं म्हणून स्पीकर होता तिथं गुणाची पाटी उघडी पडली.

आणि पाटीवाली गुणा पनवेलात एकच होती. जिताड्याची गोष्ट सगळ्यांना माहीत, त्यामुळे गाणं कुणावर आहे हे कुणाला सांगावं लागलं नाही. कॉलेजची पोरं मुद्दाम बाजारातून फिरून जाऊ लागली. मासे न घेणारे मासे चाचपून जाऊ लागले. उरणकडच्या एका मुलाशी गुणाचं लग्न ठरलं होतं, नव्या बंदरात नोकरीला लागलेला, बरा मुलगा. त्याची आई येऊन सोनाबाईला म्हणाली की तुमची पोर चांगली असेल, पण माझ्या सुनेच्या नावावर लोकांनी रस्त्यात नाचलेलं मला चालायचं नाही. साखरपुड्याची साडी परत गेली. गुणाच्या भावानं कोयता उचलला, काशिरामचे पाय तोडतो म्हणाला. गुणानंच त्याला अडवलं. हाडं मोडली तर पुन्हा जुळतात, असं ती त्याला म्हणाली. भावाला वाटलं, बहीण घाबरली.

नवरात्रात पनवेलच्या एका मंडळात पार्टीचा कार्यक्रम होता. गुणा दिवस मावळल्यावर तिथं गेली. काशिराम स्टेजमागं आरशाचे तुकडे लावलेला शर्ट घालून बसला होता. गुणा त्याच्यासमोर उभी राहिली आणि आवाज न चढवता म्हणाली, "नाव बदल. गुनाच्या जागी मैना घाल, चंद्रा घाल. गानं तुझं तुला राहू दे. माझं नाव काढ."

"गुना काय एकटी तूच हायस?" काशिराम कॉलर सारखी करत म्हणाला. "कोकनात हजार गुना असतील. नाव काय तुझ्या बापाची जहागीर हाय?"

"मी एकदाच सांगायला आलेय."

तो नुसता हसला. गुणा वळली आणि गर्दीतून बाहेर पडू लागली. अर्ध्या वाटेवर असताना माईकवरून काशिरामचा आवाज आला. आपल्या गाण्यातली खरी गुणा आज इथं आलेली आहे, तिच्यासाठी जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या. कुणीतरी दिवा तिच्यावर वळवला. गर्दी दोन्ही बाजूंना फाटली आणि गाणं सुरू झालं. मंडपाच्या टोकापर्यंत गुणाला त्या उजेडातून चालत जावं लागलं. ती धावली नाही की तिनं पदरानं तोंड झाकलं नाही. पोरं शिट्ट्या मारत होती, बाया हसत होत्या, आणि गुणाच्या मनात एवढंच आलं की याला मारून उपयोग नाही, याचा गळाच याला नकोसा झाला पाहिजे.

त्या दिवसाची बातमी पाड्यात पोचली तेव्हा ठमाबाईनं भाच्याला दारात उभं केलं नाही. माझ्या हळदीच्या चालीवर तू पोरीची अब्रू वेशीला टांगलीस, आता माझ्या तोंडातून तुला एक ओळ मिळायची नाही, असं सांगून तिनं कडी लावली. काशिरामनं ते हसण्यावारी नेलं. पण सहा महिने गेले, वर्ष गेलं. कंपनीवाला दुसऱ्या कॅसेटसाठी मागं लागला आणि काशिरामला चाल सुचेना. गळा होता, पण आत विहीर नव्हती. पाणी ठमाबाईचं होतं.

हे गुणाला कळलं ते कमलाकरकडून. गेले काही महिने तो दर रविवारी मासे घ्यायला येई. एकोणनव्वदच्या दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारी बाजार रिकामा होत आलेला, गुणा पाट धूत होती. कमलाकर मासे घेऊन झाले तरी उभाच राहिला.

"गुणाताई, एक बोलायचं होतं," तो म्हणाला. "कॅसेट निघेपर्यंत मला माहीत नव्हतं की गुणा म्हणून खरंच कुणी आहे. कळल्यावर मी काशिरामला बोललो. पण गाणं चाललं होतं, आणि मग मी गप्प बसलो. माझं चुकलं."

सव्वा वर्षात गुणाला कुणी असं म्हटलं नव्हतं. तिनं बोंबलांची पाटी उगाचच इकडची तिकडे सरकवली. मग कमलाकर इकडचं तिकडचं बोलू लागला. पार्टी बहुतेक मोडणार, कंपनीला नवीन गाणं हवंय, काशिरामला चालच सापडत नाही, फेब्रुवारीतल्या लग्नसराईच्या आत काही झालं नाही तर संपलंच.

गुणा ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिच्या मनात एक गाणं उभं राहिलं.

निवटेपाड्यात एक गाणं होतं, त्याला बाया ओहोटीचं गाणं म्हणत. होडी परत आली नाही की अकराव्या दिवशी पाड्यातल्या बाया खाडीवर जात, ओहोटी लागली की पाण्याकडे तोंड करून ते गात, तिथंच आंघोळ करत आणि मागं न बघता घरी येत. पुरुष तिथं जात नसत. घरात ते कुणी गुणगुणायचंही नाही. पहिली ओळ नेहमी ठमाबाई उचलायची, कारण तिचा नवरा आणि थोरला मुलगा एकाच तुफानात गेले होते. नवल म्हणजे ते गाणं रडकं नव्हतं. भराभर वल्ही मारावीत तशी त्याची चाल होती. ओहोटीचं पाणी पळतं, बुडालेल्याला ऐकू जायचं तर गाण्यानं पाण्याच्या पुढं धावलं पाहिजे, असं म्हाताऱ्या सांगत. काशिराम पनवेलात वाढलेला, त्यातून पुरुष. त्यानं ते कधी ऐकलं असायची शक्यता नव्हती.

गुणा समोरच्या माणसाकडे बघत राहिली. चांगला माणूस आहे, हाही यात बुडेल, असं तिला वाटलं. वाटलं आणि तरी ती बोलली.

"तुमाला चाल पायजे ना? माझ्याकडं एक जुनी हाय. पन माझं नाव कोनाला सांगायचं नाय. काशिरामला बी नाय."

पुढच्या रविवारी कमलाकर हातात मावेल एवढा टेपरेकॉर्डर घेऊन आला. गुणानं खरे शब्द गिळले, नाचाबागडायचे दोनचार खोटे शब्द जुळवले आणि पाटावर हात आपटत ती चाल त्याला म्हणून दाखवली. म्हणताना तिच्या अंगावर काटा आला. कमलाकरचे डोळे चमकले. असं काही आपण ऐकलंच नव्हतं, म्हणाला. आणि जाताना म्हणाला की ताई, तुमचं मन मोठं आहे. गुणानं त्याला त्या दिवशी दोन पापलेटं जास्तीची घातली.

दुसरी कॅसेट नव्वदच्या जानेवारीत आली. शब्द काशिरामचे, लाटेवर नाचायला चल गो बाय, असे काहीतरी. पनवेल शहरात ती पहिले आठ दिवस चांगली वाजली. शहरातल्या लोकांना त्यात काय वावगं दिसणार? मासळी बाजारात आणि पाड्यांवर ती पोचायच्या आतच निवटेपाड्यात कुमुदची हळद आली. कुमुद मोठ्या होडीवाल्याची मुलगी, एकोणीस वर्षांची. बापाला हौस, त्यानं डिस्को दर्या पार्टीच बोलावली. काशिरामला पाड्यात मिरवायचंच होतं. मावशीच्या दारात नाक घासायला न लावता आपण चाल आणली, हे त्याला तिला दाखवायचं होतं.

गुणाला हे आठवडाभर आधी कळलं होतं. कुमुद तिच्या मोडलेल्या लग्नाच्या वेळी दोन दिवस तिच्याजवळ बसून होती. कमलाकरजवळ एक शब्द टाकला असता तर काशिरामनं ते गाणं हळदीत म्हटलं नसतं. गुणानं तो शब्द टाकला नाही. ती हळदीला लवकर गेली आणि बायांच्या मधोमध जागा धरून बसली.

चार वाजता मांडवात हळद लागली. काशिराम माईकवर आला, मावशीकडे बघून हात जोडले आणि नवीन गाणं सुरू केलं. पहिल्या ओळीला पोरं नाचायला उठली. दुसऱ्या ओळीला कुमुदच्या आजीचा हळदीचा हात तिथंच थांबला. तिसऱ्या ओळीला बाया एकमेकींकडे बघू लागल्या, आणि मग एकेक बाई उठून मांडवाच्या बाहेर जाऊन उभी राहिली. पुरुषांना काय चाललंय ते कळेना. काशिराम गातच होता, आणि खरं सांगायचं तर तो फार सुंदर गात होता.

ठमाबाई काठी टेकत स्टेजपाशी गेली. तिनं वर बघितलं आणि विचारलं, "कोन बुडला?"

काशिरामला वाटलं, म्हातारी कौतुक करतेय. तो माईक खाली धरून वाकला.

"कोन बुडला रं?" ठमाबाईनं पुन्हा विचारलं. तो आवाज माईकमधून साऱ्या पाड्यात गेला. "कोनाची होडी आली नाय? कोनासाठी गातस?"

कुमुदच्या आजीनं हंबरडा फोडला. पोरीच्या अंगावरची हळद ती पदरानं पुसू लागली, आणि पुसता पुसता पुरुषांना ओरडून सांगू लागली की माझ्या नातीच्या मांडवात यानं मढ्याचं गाणं म्हटलं. मग पुरुष उठले. स्पीकर खाडीच्या चिखलात गेले. कमलाकरचा कीबोर्ड कुणीतरी पायानं फोडला. काशिरामचा आरशांचा शर्ट फाटला, तो दोन्ही हात डोक्यावर धरून मला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं, एवढंच म्हणत होता. गुणा जागची हलली नव्हती. दीड वर्षात पहिल्यांदाच तिला पोटभर श्वास घेता आला. मग तिचं लक्ष कुमुदकडे गेलं. पोरगी पाटावर तशीच बसली होती, अर्धी हळद लागलेली, अर्धी पुसलेली, आणि कुणीही तिच्याजवळ जात नव्हतं.

पुढचं गुणाला काही करावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मासळी बाजारात ती गोष्ट पाट्यांबरोबर उतरली आणि दुपारपर्यंत उरणला पोचली. त्या आठवड्यात अलिबागच्या बाया ती विचारू लागल्या. दर्यावर पोट असलेल्या माणसांची गोष्ट ती. ज्या घरात ही कॅसेट वाजेल त्या घरची होडी परतणार नाही, असं झालं. दुकानांतून गठ्ठेच्या गठ्ठे परत गेले. आणि नुसती दुसरी कॅसेट नाही, पहिलीही गेली. काशिरामचा आवाजच अपशकुनी ठरला. उघड्या पाटीचं गाणं लग्नांतून एका महिन्यात नाहीसं झालं, ते कुणीही न सांगता. ऑक्टोपॅडवाला दुसऱ्या पार्टीत गेला, कोरसच्या पोरींना घरच्यांनी बसवलं. कुमुदचं लग्न महिन्याभरानं देवळात झालं, वाजंत्रीशिवाय. कमलाकरनं गुणाचं नाव कुणाला सांगितलं नाही. पण त्यानंतर तो बाजारात आला की पलीकडच्या रांगेतून मासे घेई आणि इकडे मान वळवत नसे.

हळदीनंतर पाचव्या दिवशी ठमाबाई गुणाच्या दारात आली. सोनाबाई बाहेर गेली होती. म्हातारी उंबऱ्यावर बसली.

"काशिरामला ते गानं ठाव नवतं," ती म्हणाली. "त्याला कोनी दिलं ते मना इचारायचं नाय. मना ठाव हाय."

गुणा दाराला टेकून उभी राहिली.

"त्यानं माझी हळद नेली, ती मी त्याला हातानं दिली हुती. तू काय केलंस? माझा दादला आनि माझा पोर तू टेपमधी घातलास, गो. पनवेलची पोरं त्यांच्यावर नाचली."

"मावशी, त्यानं माझं काय केलं ते..."

"त्यानं केलं. मी कुठं केलं?"

ठमाबाईनं तिला शिवी दिली नाही. एवढंच सांगितलं की हे तू कुणाला सांगायचं नाहीस, मी जिवंत असेपर्यंत तर नाहीच. पाड्यातली बाई ओहोटीचं गाणं विकते असं लोक म्हणायला नकोत. सूड घेतलास ना, मग आता तो गिळून बस. म्हातारी काठी टेकत निघून गेली, आणि त्यानंतर ती कुठल्याही हळदीत गायली नाही. बोलावणी आली की घसा धरलाय म्हणायची. पंधरा गावांच्या हळदी कॅसेटवर होऊ लागल्या.

ठमाबाईपुढं गुणाची मान नेहमी खाली असे. पण काशिरामबद्दल तिला कणभर वाईट वाटलं नाही. उलट एक गोष्ट तिला आतून कुरतडत राहिली: त्याला माहीत नव्हतं. तो बरबाद झाला ते त्याच्या मते नशिबानं. जिताड्याचा मार कुणाच्या हातचा ते त्यानं पाहिलं होतं, हा मार त्याला दिसलाच नव्हता. गुणाचं नंतर बर्फाच्या कारखान्यातल्या एका सरळ माणसाशी लग्न झालं. त्याच्या घरी टेपरेकॉर्डर नव्हता. एक मुलगी झाली. सगळं बरं चाललं होतं, तरी दोनचार महिन्यांनी एखाद्या सकाळी पाट मांडताना तिच्या मनात येई की तो अजून नशिबालाच शिव्या घालत असेल, आणि दिवसभर तिचं डोकं फिरलेलं राही.

शहाण्णव सालच्या श्रावणात ठमाबाई गेली. बारावा दिवस झाला आणि तेराव्या दिवशी गुणा पनवेलला गेली. काशिराम स्टेशनबाहेर रिक्षा चालवतो, हे तिला कधीपासून ठाऊक होतं. दुपारची वेळ होती. ती रांगेत थांबली, पुढच्या दोघांना जाऊ दिलं आणि त्याच्या रिक्षात बसली. तो जाडा झाला होता, केस विरळ झाले होते. उरण नाक्याला चल म्हटल्यावर त्यानं आरशात बघितलं आणि ओळखलं. त्यानं रिक्षा काढली. नाक्याच्या अलीकडे गुणानं त्याला कडेला थांबायला सांगितलं.

"दुसऱ्या कॅसेटची चाल कमलाकरला मी दिल्ती," ती म्हणाली. "ते कसलं गानं हाय ते मना ठाव हुतं. तुला ठाव नाय, हे बी ठाव हुतं."

काशिरामनं रिक्षा बंद केली. दोन्ही हात हँडलवर ठेवून तो बसून राहिला. गुणा वाट बघत होती. तो शिव्या देईल, रडेल, अंगावर येईल, सगळ्याची तिनं सहा वर्षं उजळणी केली होती.

"मी समजत हुतो, मना कोनाची तरी बाधा झाली," तो शेवटी म्हणाला. मग, "चाल बाकी लाखात एक हुती. जल्मात मी खरा गायलो तो त्याच गान्यात. अजून बी गाडीत एकटा असलो की तीच म्हनतो."

गुणाला हे अपेक्षित नव्हतं. आपण त्याच्याकडून सगळं काढून घेतलं अशा समजुतीत ती इतकी वर्षं जगली होती, आणि हा माणूस सहा वर्षं ती चाल जवळ बाळगून होता.

"पाटीचं गानं वाईट हुतं," काशिराम तिच्याकडे न बघता म्हणाला.

"गानं वाईट नवतं. तू वाईट हुतास."

त्यानं मान हलवली. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "त्याचे खरे शब्द काय हायत?"

"ते पान्यावर जानाऱ्यांसाठी हायत. तू रस्त्यावर मरशील. तुझ्यासाठी ते कोन गानार नाय."

असं म्हणून ती उतरली. हे वाक्य तिनं ठरवलेलं नव्हतं, पण बोलल्यावर तिला बरं वाटलं. चार पावलं गेल्यावर ती परत आली आणि रिक्षाच्या दांडीला धरून वाकली.

"आनि ती चाल परत तोंडात आनू नको. ठमामावशीची हाय ती."

काशिराम समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होता. मागून एस.टी.नं हॉर्न दिला तेव्हा त्यानं दांडा ओढून रिक्षा सुरू केली आणि तो स्टेशनच्या दिशेनं वळला. इंजिनाच्या आवाजात तो काही गुणगुणतोय का, हे ऐकायला गुणा कान देऊन उभी राहिली. तिला काही ऐकू आलं नाही.